एकोणीस गाण्यांचं काय करायचं

प्रिय पोरी,

तुझ्या पहिल्या रॅप अल्बमचं फोल्डर मिळालं. एकोणीस गाणी, एक तास अकरा मिनिटं. दोनदा ऐकली. एकदा चांगल्या हेडफोनवर, डोळे मिटून. दुसऱ्यांदा फोनच्याच स्पीकरवर, भांडी घासता घासता. दुसरं ऐकणं जास्त खरं होतं. लोक तसंच ऐकणार आहेत.

सोबत तू लिहिलंयस, 'काका, काय काढू ते सांगू नका, सगळंच ठेवायचंय. एवढंच सांगा, पहिलाच अल्बम लोकांनी उचलला नाही तर काय करायचं?' पहिली अट मी मोडणार आहे. तुझ्या प्रश्नाचं अर्धंअधिक उत्तर तिथेच आहे.

अमेरिकन रॅपर नासचा पहिला अल्बम 'इलमॅटिक' तुला तोंडपाठ आहे, ठाऊक आहे मला. पण त्याची लांबी कधी बघितलीस? दहा ट्रॅक. त्यातला पहिला तर धड गाणंही नाही. भुयारी रेल्वेचा खडखडाट, एका जुन्या सिनेमाचा तुकडा आणि मागे गप्पा. म्हणजे गाणी नऊच. चाळीस मिनिटांच्या आत कारभार आटोपतो. पाहुणा रॅपर एकच, एझी. वडील ओलू दारा जॅझवाले, त्यांनी एका गाण्याच्या शेवटाला कॉर्नेट वाजवलाय, बस. आणि हा वीस वर्षांचा पोरगा, न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सब्रिजच्या सरकारी वसाहतीत वाढलेला, आठवीनंतर शाळा सुटलेला. 1992 मध्ये त्याचा जिवाभावाचा मित्र गोळीबारात गेला होता. त्याच्याकडे सांगण्यासारखं नऊ गाण्यांपुरतंच होतं, असं वाटतं तुला?

पहिल्या अल्बमचं हेच तर असतं. त्यात आख्खं आयुष्य ओतायला मिळतं, म्हणून सगळंच ओतावंसं वाटतं. माझ्या मिक्सिंगच्या खुर्चीसमोर पहिला अल्बम घेऊन जेवढे आले, त्यातल्या एकाचंही सामान कमी पडलं नाही. घाम फुटला तो काढायला सांगितल्यावर.

जास्त गाणी म्हणजे जास्त स्ट्रीम, हा हिशेब तुला कुणीतरी घालून दिला असणार. तो खोटा नाही. अमेरिकेत गोल्ड-प्लॅटिनमची मोजदाद करणारी संस्था 2016 पासून अल्बममधल्या गाण्यांचे 1,500 स्ट्रीम म्हणजे एक अल्बम विकला गेला असं धरते. त्यामुळे ज्यांच्यामागे आधीच गर्दी आहे ते वीस-पंचवीस गाण्यांची गाडी भरून पाठवतात. पण तुझ्यामागे अजून गर्दी नाही. स्पॉटिफायवर तर 2024 पासून बारा महिन्यांत 1,000 स्ट्रीम न झालेल्या गाण्याला छदामही मिळत नाही. तुझी भरतीची सात-आठ गाणी तिथेच अडकतील. उलट त्यांच्या ओझ्याने सहाव्या गाण्यावरच ऐकणारा उठून गेला, तर चौदावं गाणं, जे तुझं सगळ्यात चांगलं आहे, त्याच्यापर्यंत पोचणारच नाही.

आता नेमकं सांगतो. पाचवं, अकरावं आणि सोळावं ही तिन्ही तुला नावं ठेवणाऱ्यांना दिलेली उत्तरं आहेत. तिन्ही खणखणीत आहेत. एक ठेव. अजून कुणी तुझा अल्बम ऐकलेलाही नाही आणि तू आधीच भांडायला उभी आहेस. ज्याने तुला कधी नावं ठेवली नाहीत अशा माणसाला हे ऐकताना वाटतं, आपण चुकून दुसऱ्याच्या भांडणात शिरलो. आठव्यातलं फीचर, म्हणजे पाहुण्याचा रॅप, काढ. पोरगा चांगला रॅप करतो, पण तो आल्याबरोबर गाणं त्याचं होतं आणि तू पाहुणी होतेस. अठरावं म्हणजे नुसता वेग आहे. एका दमात किती शब्द बसतात ते दाखवायला मैफलीत म्हण, टाळ्या पडतील. अल्बममध्ये तो कसरतीचा तास वाटतो.

चौदाव्याला मात्र हात लावू नकोस. आई रात्रपाळीवरून येते, कुलपात किल्ली दोनदा अडते, आणि तू झोपल्याचं सोंग घेऊन पडलेली असतेस, कारण जागी दिसलीस तर ती झोपायच्या ऐवजी तुझ्याशी बोलत बसेल. या चार बारांत, म्हणजे ओळींत, एकही जोडयमक नाही. भांडी घासताना माझा हात तिथे थांबला. ते गाणं तू चौदाव्या नंबरावर का लपवलंस? लाज वाटली असावी. ते तिसरं कर.

याच गाण्याबद्दल एक तक्रार आहे. दुसऱ्या व्हर्सच्या, म्हणजे कडव्याच्या, चौथ्या बारानंतर तू श्वास घेतला होतास आणि एडिटमध्ये तो कापलास. वेव्हफॉर्मवर, म्हणजे आवाजाच्या आलेखावर, बघ, तिथे करवतीने कापल्यासारखी सरळ कड दिसते. मला ती ऐकूही येते. माणूस बोलताना जिथे थांबणारच, तिथे तू थांबत नाहीस, आणि कानाला काहीतरी खोटं लागतं.

हे मी कुणाला सांगतोय! वीसेक वर्षांपूर्वी एका पोराचा पहिला अल्बम माझ्याकडे मिक्सला होता. तेव्हा मला नवंनवं सॉफ्टवेअर मिळालेलं. मी त्याचा एकूण एक श्वास कापला, प्रत्येक शब्द ढकलून बीटवर नेऊन बसवला, ओळीओळीला पंच-इन, म्हणजे तेवढीच ओळ पुन्हा म्हणवून मध्ये जोडणं, करून घेतलं. काय स्वच्छ काम झालं होतं! अल्बम आला. कुणी वाईट बोललं नाही. सगळे म्हणाले, 'साउंड मस्त आहे.' रॅपरबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. तो पोरगा मला काही बोलला नाही, पण पुढचा अल्बम त्याने दुसरीकडे केला, आणि बरोबर केलं.

याच्या अगदी उलट गोष्ट 'इलमॅटिक'ची आहे. त्यातले काही बीट करणाऱ्या डीजे प्रीमियरने पुढे अनेकदा सांगितलंय: बीट सुरू झाला, नास माइकसमोर उभा, आणि त्याच्या तोंडून निघालं की हे सुरू कसं करायचं तेच कळत नाहीये. आणि लगेच तो सुटला तो पहिला व्हर्स एका टेकमध्ये संपवूनच थांबला. ते 'कळत नाहीये' पण रेकॉर्डवर तसंच राहिलं. मी असतो तर पुसलं असतं, हे कबूल करतो.

तू विचारलं नाहीयेस, पण कागदांबद्दल बोलल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तुझ्या तीन बीट्समध्ये सॅम्पल आहेत, म्हणजे दुसऱ्यांच्या रेकॉर्डमधून उचललेले तुकडे. उलटं फिरवलंय, पिच खाली आणलाय, कुणाला कळणार, असं तुझ्या बीटवाल्याने सांगितलं असेल. कळतं. डे ला सोल या अमेरिकन रॅप त्रिकुटाचा पहिला अल्बम 1989 चा. ढीगभर सॅम्पलनी रचलेला, समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला. तो अधिकृतपणे स्ट्रीमिंगवर यायला 3 मार्च 2023 उजाडलं. रेकॉर्ड आणि कॅसेटच्या जमान्यात केलेले सॅम्पलचे करार डिजिटलला लागू पडत नव्हते, आणि ते गुंते सुटेपर्यंत एक आख्खी पिढी त्याच्याविना वाढली. तिघांपैकी ट्रुगॉय त्याच फेब्रुवारीत गेला, अल्बम यायच्या तीन आठवडे आधी. सॅम्पलची परवानगी मिळत असेल तर घे, नाहीतर तो तुकडा कुणाकडून तरी नव्याने वाजवून घे. नव्याने वाजवलं तरी चाल दुसऱ्याचीच राहते, तिची परवानगी वेगळी लागते, हे विसरू नकोस.

आणि कुणी काय लिहिलं, कुणी बीट केला, कुणाचे किती टक्के, हे गाण्यागणिक एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घे. आत्ता, सगळे मित्र आहेत तोवर. अमेरिकन रॅपर-गायिका लॉरिन हिलचा पहिला सोलो अल्बम ऑगस्ट 1998 मध्ये आला, पुढच्या फेब्रुवारीत त्याला पाच ग्रॅमी मिळाले. 'अल्बम ऑफ द इयर' हा मान हिपहॉपला तेव्हा पहिल्यांदा मिळाला. पण त्याआधीच, 1998 च्या नोव्हेंबरात, तिच्यासोबत काम केलेल्या चार संगीतकारांनी श्रेयावरून तिला कोर्टात खेचलं होतं. 2001 मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. कोण खरं, कोण खोटं, यात मी पडत नाही. स्टुडिओत रात्री दोन वाजता 'हे असं करून बघू का' म्हणणारा माणूस गाण्याचा लेखक ठरतो की नाही, हे दुसऱ्या दिवशी सकाळीच ठरवलेलं बरं, एवढंच. तिचा दुसरा स्टुडिओ सोलो अल्बम आजतागायत आलेला नाही.

बरं, तुझा प्रश्न. लोकांनी उचललं नाही तर.

'इलमॅटिक' 19 एप्रिल 1994 ला आला. त्याआधीच चोरट्या कॅसेटी गल्लोगल्ली फिरत होत्या. 'द सोर्स' या हिपहॉपवाल्यांच्या मासिकाने त्याला पाच माइक दिले, म्हणजे पैकीच्या पैकी. ते मासिक अशा बाबतीत भलतं कंजूष होतं. आणि विक्री? पहिल्या आठवड्यात साठ हजारांच्या आसपास, बिलबोर्डच्या यादीत बारावा नंबर, त्याच्यावर कधीच नाही. पाच लाखांचा गोल्डचा टप्पा गाठायला जानेवारी 1996 उजाडलं. दहा लाखांचं प्लॅटिनम 2001 च्या डिसेंबरात. 2021 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो राष्ट्रीय ठेव्यात घेतला. आता सांग, यातला कुठला दिवस धरून म्हणायचं की लोकांनी उचलला? पहिल्या सोमवारी आकडे बघणाऱ्या हिशेबनिसाला विचारलं असतंस, तर तो 'ठीक आहे' म्हणाला असता.

यावरून आपलाही अल्बम पंचवीस वर्षांनी ठेव्यात जाईल अशी समजूत करून घेऊ नकोस. बहुतेक अल्बम पहिल्या आठवड्यात कुणी ऐकत नाही आणि नंतरही ऐकत नाही. माझं म्हणणं एवढंच की पहिल्या आठवड्याच्या आकड्यावरून या दोन्हींतला फरक कळत नाही. तेव्हा तो आकडा बघू नकोस. महिन्याभराने बघ, आणि तेव्हाही एकूण स्ट्रीमपेक्षा गाणं किती जणांनी आपल्याकडे जपून ठेवलं तेवढं बघ. कार्यक्रमात समोरचे कुठली ओळ तुझ्याबरोबर म्हणतात तिकडे कान दे. ती ओळ तुला वाटते ती नसणार, आधीच सांगून ठेवतो.

मला खरी धास्ती दुसरीच आहे. समजा उचललं तर? नव्याचे नऊ दिवस लोक तुला हरभऱ्याच्या झाडावर चढवतील. त्यात खोटं कुणीच बोलत नसेल, हीच पंचाईत. त्या कौतुकातून तुला एक यादी मिळेल: हिचं हे भारी, हिचं ते भारी. आणि दुसरा अल्बम तू त्या यादीवरून लिहायला घेशील. पहिल्याला तुझी सगळी वर्षं मिळाली, दुसऱ्याला जेमतेम एक मिळेल.

नासचा दुसरा अल्बम जुलै 1996 मध्ये आला आणि थेट पहिल्या क्रमांकावर गेला. पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त खपला. तरी ओरड अशी की हा बाजारात उतरला, पहिल्यासारखं नाही. त्यानंतर त्याने जे जे केलं, त्याच्याशेजारी लोकांनी 1994 ची फूटपट्टी नेऊन ठेवली. त्याला पहिलं ग्रॅमी मिळालं 2021 मध्ये. तोवर तो सत्तेचाळीस वर्षांचा झाला होता. दुसरा अल्बम मला स्वतःला आवडतो, लोकांनी त्याच्यावर अन्याय केला असं माझं मत आहे. पण यावर तू माझ्याशी वाद घालशील, तेव्हा ते भेटल्यावर.

टीका आली तर नावासकट उत्तर देऊ नकोस, पाचवं-अकरावं-सोळावं पुन्हा लिहावं लागेल. टीकेतलं वाक्य जर असं असेल की 'तिसऱ्या गाण्यानंतर मी थांबलो', तर वहीत उतरवून ठेव. 'हिला रॅप येत नाही' असं असेल तर सोडून दे, त्यात कामाचं काही नाही.

मास्टरिंगला, म्हणजे आवाजाच्या शेवटच्या सफाईला, देताना आवाज ठासून भरायला सांगू नकोस. स्पॉटिफाय ऐकवताना सगळ्यांनाच उणे 14 लफ्सच्या (आवाजाची पातळी मोजायचं माप) आसपास आणून ठेवतं; तू दाबून दाबून जे मिळवशील ते परत खाली येणार, आणि ड्रमचा ठोका मात्र मेलेला राहणार.

बुधवारपर्यंत मला बारा गाणी पाठव. तेराही चालतील, भांडलीस तर. आणि चौदाव्याच्या मूळ टेकची फाइल वेगळी दे, न कापलेली. तो श्वास मी स्वतः परत लावतो.

तुझा,
काका