तुटपुंज्या पगारात मोटारसायकलची देखभाल घरच्या घरी कशी करावी?

तुम्ही लिहिले आहे की, कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत तुमची नोकरी आहे, रोजच्या ये-जा करण्यासाठी साठ हजार किलोमीटर चाललेली 100 सीसीची जुनी गाडी घेतली आहे, गॅरेजमध्ये दर खेपेला दीड हजाराच्या आसपास बिल होते आणि ते परवडत नाही. तेव्हा भाड्याच्या खोलीसमोरच्या थोड्याशा जागेत स्वतः कोणती कामे करता येतील आणि त्यासाठी काय विकत घ्यावे लागेल, असा तुमचा प्रश्न आहे. मीही त्याच रस्त्याने फुलेवाडीहून रोज तीसेक किलोमीटर जातो-येतो आणि माझ्या 2011 च्या गाडीची नेहमीची कामे गेली नऊ वर्षे घरीच करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंजिन ऑइल बदलणे, चेन साफ करून ताणणे, एअर फिल्टर आणि प्लग पाहणे, ड्रम ब्रेक आणि क्लचचा खेळ (मोकळी हालचाल) जुळवणे, केबलला तेल देणे आणि टायरमधील हवा तपासणे, एवढी कामे तुम्ही नक्की करू शकाल. मात्र एक हिशेब आधी नीट समजून घ्या. या कामांची मजुरी वाचली तर एका खेपेला दोन-तीनशे रुपये वाचतात. कोरडी चेन तशीच फिरवल्यामुळे चेन-सेट (चेन आणि ती ज्यांवर फिरते ती दोन दातेरी चक्रे, म्हणजे स्प्रॉकेटे) लवकर गेला, किंवा ऑइल कमी झालेले न कळल्यामुळे इंजिन उतरवावे लागले, तर त्या एका बिलात कित्येक वर्षांची मजुरी निघून जाते. म्हणून दर रविवारी अर्धा तास गाडीजवळ बसून ती निरखण्याची सवय लावली, तर तुमच्यासारख्याचे खरे पैसे तिथे वाचतील.

साधनांच्या बाबतीत घाई करू नका. गाडीबरोबर टूल किट आली असेल तर तिच्यातील प्लग पाना जपून ठेवा. तो बहुतेक वेळा पुरेसा असतो. पाने विकत घेताना दोन्ही बाजूंनी उघडे असलेले घेण्यापेक्षा रिंग पाने घ्या, कारण उघडा पाना जुन्या नटावरून सटकतो, नटाचे कोपरे गोल होतात आणि मग तो नट छिन्नीनेच काढावा लागतो. संपूर्ण संच घेण्याची गरज नाही. गाडीच्या ज्या नटांना हात लावायचा आहे तेवढेच मोजा आणि ते चार-पाच नंबर चांगल्या प्रतीचे घ्या. जोडीला एक चांगला स्क्रू ड्रायव्हर, एक पक्कड, जुना टूथब्रश, ऑइल धरण्यासाठी पसरट डबा, एक छोटे फनेल आणि जुन्या बनियनच्या चिंध्या. आणखी एक वस्तू मी आवर्जून सांगेन, ती म्हणजे तुमच्या मॉडेलची माहितीपुस्तिका. ती बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळते आणि खाली मी जिथे जिथे अंदाजे माप दिले आहे, तिथे अंतिम शब्द तिचाच समजावा.

सुरुवात ऑइलपासून करा, पण त्याआधी ते मोजायला शिका. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावा, दोन-तीन मिनिटे इंजिन चालू ठेवून बंद करा, तेवढाच वेळ थांबा, मग डिपस्टिक (ऑइल मोजण्याची पट्टी) काढून पुसा आणि पुन्हा घाला. बऱ्याच 100 सीसी गाड्यांत मोजताना डिपस्टिकचे आटे फिरवायचे नसतात, ती नुसती टेकवायची असते. हे माहीत नसल्यामुळे पातळी चुकीची दिसते आणि लोक ऑइल जास्त भरून ठेवतात. दर पंधरा दिवसांनी ही तपासणी केली की साठ हजार चाललेले तुमचे इंजिन ऑइल खाते आहे की नाही, हे तुम्हाला महिन्या-दोन महिन्यांत आपोआप कळेल.

ऑइल घेताना डब्यावर पुस्तिकेत दिलेली ग्रेड आहे का, हे पाहा; 100 सीसीच्या अनेक गाड्यांना 10 डब्ल्यू 30 चालते. त्याबरोबरच ‘जेएएसओ एमए’ हे शब्दही शोधा; ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची ती खूण आहे. मोटारसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना एकच ऑइल लागते आणि क्लचच्या प्लेटा त्या ऑइलमध्येच बुडालेल्या असतात. मोटारीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात, ती क्लचच्या प्लेटांना घसरवतात. त्यामुळे घरात कोणाच्या चारचाकीचे उरलेले ऑइल आहे म्हणून ते ओतू नका. माझ्या गाडीत बदलताना 900 मिली लागते आणि दुकानात त्याच मापाचा डबा मिळतो.

आता ड्रेन बोल्टविषयी, म्हणजे इंजिनच्या तळाचा जो बोल्ट काढून जुने ऑइल बाहेर सोडतात त्याविषयी, आणि इथे मला माझी चूक सांगायलाच हवी. पहिल्यांदा ऑइल बदलले तेव्हा बोल्टमधून गळती होईल या भीतीने मी पान्याच्या दांड्यावर हातभर लांबीचा पाइप चढवून बोल्ट आवळला. शेवटच्या पाव फेऱ्याला हाताला जी घट्टपणाची जाणीव होत होती ती एकाएकी नाहीशी झाली आणि बोल्ट लोण्यात फिरावा तसा फिरू लागला. खाली अ‍ॅल्युमिनियमचे क्रँककेस (इंजिनचे खालचे कवच) आणि त्यात पोलादी बोल्ट. अशा जोडीत मऊ धातूचे आटे जातात. बोल्ट बाहेर काढला तर त्याच्या खाचांत अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळलेली होती. गाडी ढकलत शिवाजी उद्यमनगरात नेली. तिथे एका वर्कशॉपमध्ये छिद्र मोठे करून, त्यात नवे आटे पाडून, वरून तारेचे आटे बसवून दिले. कारागिराचा हात इतका सफाईदार होता की त्यानंतर आजवर तिथून एक थेंबही गळालेला नाही; पण तेवढ्या पैशांत माझे दोन वेळचे ऑइल आले असते. तेव्हा तुम्ही असे करा: बोल्टाखालचा वायसर दर खेपेला नवा टाका, बोल्ट आधी नुसत्या बोटांनी पूर्ण आत जाईपर्यंत फिरवा, तो वाकडा लागतो आहे असे वाटले तर लगेच मागे घ्या, आणि शेवटी पाना दांड्याच्या टोकाला न धरता मध्यावर धरून आवळा. गळती थांबवण्याचे काम वायसर करतो, तुमच्या दंडाची ताकद करत नाही.

काढलेले जुने ऑइल गटारात ओतू नका. आपल्या शहरातील बऱ्याच गटारांचे पाणी जयंती नाल्यासारख्या नाल्यांतून शेवटी पंचगंगेलाच मिळते. रिकाम्या डब्यात भरून ते जवळच्या गॅरेजच्या पिंपात नेऊन द्या.

चेनविषयी मात्र मी सर्वांत जास्त आग्रहाने लिहीन, कारण आपल्या भागात चेनचे हाल इतरांपेक्षा अधिक होतात. जून ते सप्टेंबर पाऊस तिचे तेल धुऊन नेतो, आणि पाऊस थांबतो न थांबतो तोच गळीत हंगाम सुरू होऊन उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांबरोबर शेतातील माती रस्त्यावर येते. तेल आणि माती एकत्र झाली की त्यांची कानस तयार होते आणि ती चेनच्या पिना व स्प्रॉकेटचे दात हळूहळू घासत राहते. तुमच्या गाडीला बंद चेनकव्हर असेल तर हे बाहेरून दिसतही नाही. कव्हरवरचे रबरी बूच काढून आत पाहावे लागते.

साफ करताना इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये आणि डबल स्टँडवर, आणि चाक फक्त हाताने फिरवायचे. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून फिरत्या चेनला चिंधी लावणारी माणसे मी पाहिली आहेत; चिंधी अडकली की तिच्याबरोबर बोट स्प्रॉकेटमध्ये जाते आणि बोट तुटायला एक क्षणही लागत नाही. टूथब्रशने थोडे डिझेल लावून चेन धुवा, कोरडी पुसा आणि मग 90 नंबरचे गिअर ऑइल कड्यांच्या आतल्या बाजूला थेंब थेंब सोडा. रात्रभर मुरू द्या आणि सकाळी वरचे तेल पुसून काढा. तेलाची गरज पिनांच्या आत असते. बाहेर राहिलेले तेल धूळ पकडण्यापलीकडे काही करत नाही. उन्हाळ्यात मी हे पाचशे किलोमीटरला करतो, पावसाळ्यात दर आठवड्याला.

ताण मोजताना चेनच्या खालच्या बाजूच्या मध्यावर बोटाने वर-खाली करून पाहावे. लहान गाड्यांत हा खेळ साधारण 25 मिमीच्या आसपास असतो. जुनी चेन सगळीकडे सारखी झिजलेली नसते, म्हणून चाक थोडे थोडे फिरवून चार-पाच ठिकाणी मोजा आणि जिथे ती सर्वांत घट्ट आहे, तिथे माप जुळवा. चेन आवाज करते म्हणून ती तारेसारखी ताणून ठेवण्याची चूक फार जण करतात. दोन माणसे बसली की शॉकअप दबतो आणि चेन आणखी ताणली जाते. तिला जागाच उरली नसेल तर तो ओढा गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि बेअरिंगवर येतो. एक वेळ थोडी ढिली चालेल, घट्ट नको.

चेन ताणायची म्हणजे मागचे चाक मागे घ्यायचे. ते घेताना एक्सलच्या (चाकाच्या मधल्या दांड्याच्या) दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्याच घरावर आणाव्यात, नाहीतर चाक तिरके बसते. ज्या गाडीला मागे ड्रम ब्रेक आहे, तिचे चाक मागे सरकले की ब्रेकचा रॉडही ओढला जातो. त्यामुळे चेन ताणल्यावर ब्रेकचा खेळ पुन्हा जुळवलाच पाहिजे. हे राहून गेले तर ब्रेक चाकाला घासत राहतो, ड्रम तापतो, अ‍ॅव्हरेज पडते आणि बिघाड कशात आहे हे कळत नाही. मागचा लाल दिवा पेडल दाबताच लागतो का, हेही त्याच वेळी पाहा. आणि सर्वांत शेवटी एक्सलचा नट पुन्हा एकदा तपासा, कारण त्याच्यावर तुमचे चाक आहे.

बाकीची कामे सोपी आहेत. प्लग काढायचा तो इंजिन थंड असताना आणि आजूबाजूची माती ब्रशने झाडूनच, म्हणजे ती सिलिंडरमध्ये पडणार नाही. टोक फिकट तपकिरी असेल तर सारे ठीक, कोरडी काजळी असेल तर आधी एअर फिल्टर पाहा, आणि ओले तेलकट असेल तर पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलेले असू शकते, ते काम तुमचे नाही. प्लगही आधी हातानेच बसवावा, कारण त्याचे आटेही अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्येच असतात. एअर फिल्टर स्पंजचा असेल तर धुऊन, वाळवून, किंचित ऑइलने ओलसर करून पुन्हा वापरता येतो. ऑइल लावलेल्या कागदाचा असेल तर त्याला हवा मारू नका, वेळ झाली की बदला. ब्रेकच्या ड्रमवर झिजेची खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण त्या खुणेपर्यंत आला की ब्रेक शू बदलायचे, तिथे काटकसर करायची नाही. टायरमधील हवा सकाळी गाडी थंड असताना भरा.

टॅपेट (व्हॉल्व्हचा खेळ) जुळवणे, कार्बोरेटर उघडणे, क्लच प्लेटा, चाकाचे बेअरिंग आणि डिस्क ब्रेकचे ऑइल ही कामे सध्या मेकॅनिककडेच राहू द्या. पुढे कधी 1 एप्रिल 2020 नंतरची बीएस-6 गाडी घेतलीत तर तिच्या पेट्रोल इंजेक्शनच्या भागांनाही हात लावू नका. मेकॅनिककडे जाताना ‘सर्व्हिसिंग करा’ असे सांगण्याऐवजी ‘ऑइल आणि चेन मी केले आहे, टॅपेटचा आवाज येतो, तेवढा बघा’ असे सांगितले की बिल तेवढ्याच कामाचे होते. प्रामाणिक मेकॅनिकला असे गिऱ्हाईक आवडते, असा माझा अनुभव आहे.

तुम्ही पुराविषयीही विचारले होते. 2019 च्या आणि 2021 च्या पुरात माझ्या ओळखीच्या अनेकांच्या गाड्या पाण्याखाली गेल्या, आणि पाणी ओसरल्यावर ‘चालू होते का बघू’ म्हणून मारलेल्या किकने काही इंजिने कायमची गेली. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखे दाबले जात नाही, आणि तो जोर कनेक्टिंग रॉडवर येतो. तेव्हा बुडालेल्या गाडीची चावीसुद्धा फिरवू नका. आधी बॅटरीची वायर आणि प्लग काढा, ऑइल काढून पाहा. ते दुधाच्या चहासारखे दिसले तर आत पाणी गेले आहे आणि तिथून पुढे मेकॅनिकची गाठ घ्यायची.

या महिन्यात तुमच्याकडे पाचशे रुपयेच आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. ते खर्च करण्याआधी या रविवारी एक तपासणी करा, तिला काही लागत नाही. चेन मागच्या स्प्रॉकेटवर जिथे बसली आहे, त्या मधल्या जागी ती बोटांनी मागे ओढून पाहा. दाताचा अर्ध्याहून अधिक भाग उघडा पडत असेल, किंवा घट्ट आणि ढिल्या जागांत फार फरक असेल, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटे बदलण्याची वेळ आली आहे; मग पाने घेऊ नका, ते पाचशे चेन-सेटसाठी बाजूला ठेवा आणि तोवर गाडी सावकाश चालवा. चेन अजून चांगली असेल, तर याच पैशांत ऑइलचा डबा, एक वायसर आणि ड्रेन बोल्टाच्या मापाचा एक रिंग पाना येईल.