चौदा दिवसांची मुदत

चि. भाचीस अनेक उत्तम आशीर्वाद.

फेडरल डिफेंडरच्या, म्हणजे अमेरिकेत गरीब आरोपींचा सरकारी खर्चाने बचाव करणाऱ्या वकिलांच्या, कार्यालयात उन्हाळ्यातील उमेदवारीसाठी तू तयार केलेल्या अर्जाचा मसुदा काल रात्री वाचला. अपील न्यायालयाच्या न्यायासनाकडे जाणारी पहिली पायरी म्हणून तू या कामाकडे पाहतेस, असे पहिल्याच परिच्छेदात म्हटले आहेस. तू प्रांजळपणे लिहिले आहेस, यात शंका नाही. पण अशाच एका कार्यालयात २२ वर्षे काढलेला माणूस म्हणून सांगतो, तो परिच्छेद वाचणारे लोक दुसऱ्या परिच्छेदापर्यंत पोहोचणार नाहीत.

तुझ्या डोक्यात हा विचार कुठून आला ते मला समजते. मी कामाला लागलो तेव्हा न्यायाधीश व्हायचे असेल तर सरकारी पक्षाची वकिली करावी, असेच सगळे सांगत आणि त्यात तथ्यही होते. आता चित्र पालटले आहे. केतांजी ब्राउन जॅक्सन २००५ ते २००७ या काळात वॉशिंग्टनमध्ये गरीब आरोपींची अपिले चालवीत होत्या. २०२१ मध्ये त्या तिथल्याच अपील न्यायालयात आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २०२१ मध्येच कँडेस जॅक्सन-अकिवुमी सातव्या, युनिस ली दुसऱ्या आणि व्हेरोनिका रॉसमन दहाव्या सर्किटमध्ये, म्हणजे विभागवार अपील न्यायालयांत, नेमल्या गेल्या. ही नावे तुझ्या वर्गात सर्वांना पाठ असतील.

मला मात्र त्यांच्या आधीच्या न्या. जेन केली यांचे उदाहरण जवळचे वाटते. हार्वर्डची पदवी हाती असताना त्या १९९४ मध्ये आयोवातील सेडर रॅपिड्स या मध्यम आकाराच्या शहरात डिफेंडर म्हणून रुजू झाल्या आणि जवळजवळ १९ वर्षे तिथेच राहिल्या. २००४ मध्ये सकाळी धावायला गेल्या असताना त्यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला. बऱ्या झाल्यावर त्या परत आल्या त्या आरोपींचा बचाव करण्याच्याच कामावर. ओबामांनी २०१३ च्या जानेवारीअखेर त्यांचे नाव आठव्या सर्किटसाठी सुचवले, तेव्हा त्या पूर्वी ज्यांच्याकडे लॉ क्लार्क (न्यायाधीशाच्या कायदेविषयक सहायक) होत्या त्या न्या. डेव्हिड हॅन्सन यांनी विरोधी पक्षाच्या सिनेटर ग्रासलींकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला, आणि एप्रिलमध्ये सिनेटने त्यांना ९६ विरुद्ध शून्य मतांनी मान्यता दिली. नऊ वर्षांनी फिलाडेल्फियातील डिफेंडर अरियाना फ्रीमन तिसऱ्या सर्किटमध्ये गेल्या, तेव्हा मते पडली ५० विरुद्ध ४७. या दोघींच्या लायकीत इतके अंतर होते असे कोणी म्हणणार नाही. बदलला होता तो काळ. जागा रिकामी कधी होईल, त्या वेळी राष्ट्राध्यक्ष कोण असेल, तुझ्या राज्याचे सिनेटर तुला ओळखतील की नाही, यांतले काहीही तुझ्या हातात नाही, म्हणून त्यावर आयुष्याचा आराखडा बेतू नकोस.

हातात काय असते, ते माझ्याच एका चुकीवरून सांगतो. अमली पदार्थांच्या एका खटल्यात माझ्या अशिलाने गुन्हा कबूल केला होता. नव्वद टक्क्यांच्या आसपास आरोपी तेच करतात, तेव्हा खरी लढाई शिक्षेवरच असते. शिक्षा ठरवण्याआधी न्यायालयासाठी तयार होणाऱ्या प्रोबेशन अधिकाऱ्याच्या अहवालात, घराच्या पोटमाळ्यावर पिस्तूल सापडल्याचा चार ओळींचा उल्लेख होता. तेवढ्या उल्लेखाने शिक्षेच्या तक्त्यातली गुन्ह्याची पातळी २६ ची २८ झाली आणि पहिल्यांदाच पकडल्या गेलेल्या त्या माणसाच्या शिक्षेची मार्गदर्शक पट्टी ६३ ते ७८ महिन्यांवरून ७८ ते ९७ महिन्यांवर गेली. अहवालावर लेखी हरकत घ्यायला १४ दिवस मिळतात. मी त्या दिवसांत दुसऱ्या खटल्यात अडकलो होतो, अहवाल वरवर चाळला आणि त्या चार ओळींना हरकत घेतली नाही. शिक्षा झाली ८४ महिने. अपिलात तीन न्यायाधीशांनी मोजक्या शब्दांत कळवले की, खालच्या न्यायालयात हरकत घेतलेली नसल्यामुळे आम्ही फक्त ढळढळीत चूक आहे का एवढेच पाहू, आणि तशी ती दिसत नाही.

तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत तो निकाल मी त्याला वाचून दाखवला, तेव्हा त्याने विचारले, “पिस्तूल माझ्या भावाचे होते, हे त्या तिघांनी विचारलेच नाही का?” त्यांनी विचारावे असे कागदावर काही नव्हते, कारण ते मी लिहिले नव्हते, हे मला त्याला त्याच्या तोंडावर सांगावे लागले.

अपील न्यायालय साक्षीदार पाहत नाही, आरोपी बहुधा तिथे नसतोच, आणि वकिलाला मिळणारी दहा-पंधरा मिनिटे न्यायाधीशांच्या प्रश्नांतच संपतात. त्यांच्यापुढे असते ते फक्त खालच्या न्यायालयातले रेकॉर्ड. ते रेकॉर्ड घाईत, अर्धवट झोपेत, एकाच वेळी चाळीस फायली सांभाळत कसे तयार होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला ‘हरकत घेतली नाही’ या शब्दांचा अर्थ वेगळा लागतो. तो नियम मोडत नाही, मोडूही नये. पण पान उलटण्याआधी तो एकदा थांबतो. जॅक्सन यांनीही सांगितले आहे की, आपल्या खटल्यात नेमके काय घडले हे आपल्या अनेक अशिलांना उमगलेच नव्हते, आणि म्हणून पुढे खटले चालवणाऱ्या न्यायाधीश झाल्यावर त्या समोरच्या आरोपीला प्रत्येक टप्पा समजावून सांगत.

म्हणून माझा आग्रह असा की, संधी मिळाली तर आधी खालच्या न्यायालयात काम कर आणि मग अपील विभागाकडे वळ. युनिस ली यांनी वीस वर्षांहून अधिक काळ जवळजवळ फक्त अपिलेच चालवली, हे तू मला लगेच ऐकवशील. ऐकव, तरी माझे मत बदलणार नाही. अपिलात मांडण्याजोगा एकही मुद्दा नाही असे वकिलाला वाटले, तर १९६७ च्या अँडर्स निकालानुसार त्याला संपूर्ण रेकॉर्ड तपासून तसे लेखी कळवावे लागते. असे एखादे टिपण कुणा ज्येष्ठाच्या हाताखाली लिहायला मिळाले तर सोडू नकोस. हरण्याची खात्री असलेली फाईल शेवटच्या पानापर्यंत वाचण्याची ती तालीम आहे, आणि मी ती उशिरा केली.

आता अर्जाचे. पहिला परिच्छेद काढून टाक. दुसऱ्यात, गेल्या वर्षी लीगल क्लिनिकमध्ये एका भाडेकरूच्या नोटिशीवरची तारीख चुकीची असल्याचे तुला तिसऱ्या वाचनात सापडले, असे जे लिहिले आहेस, ते वर आण आणि थोडे वाढव. सुधारलेला मसुदा गुरुवारपर्यंत पाठव. शुक्रवारी मी दिवसभर कोर्टात आहे.

तुझा,
मामा