हिवाळ्यातच खोकला काहून?

प्रश्न : आम्ही नागपुरात मानेवाड्याकडे राहतो. मे महिन्यात एवढी धूळ उडते तरी आईला काही होत नाही, पण डिसेंबर आला की पहाटे खोकला सुरू! थंडीत तर हवा स्वच्छ वाटते ना?

उत्तर : वाटते भाऊ, पण असते उलटीच. उन्हाळ्यात जमीन तापते, गरम हवा वर जाते आणि धूर सोबत घेऊन जाते. धूळ असतेच, कूलरच्या टाकीत आठ दिवसांत जो गाळ साचतो तो बघा, पण ती बरीचशी जाड धूळ, नाकातच अडकते. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर गार होते, वर मात्र गरम हवेचा थर बसतो, म्हणजे डब्यावर झाकणच समजा, मग गाड्यांचा धूर, शेकोट्या, जाळलेला कचरा, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडचा कोळशाचा धूर सगळं खालीच राहतं, वाराही पडलेला. त्यातले पीएम २.५ म्हणजे अगदी बारीक कण, केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे, थेट फुप्फुसात जातात. या कणांची आपल्या देशातली चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. पावसाळ्यात हेच कण धुऊन निघतात.

आईंना पहाटे पाचला फिरायला पाठवू नका, ऊन चढल्यावर नऊनंतर जाऊ द्या. आणि शेजारी टायर जाळून शेकत असतील तर (आमच्याकडेही शेकतात, काय सांगू) तिथं थोडं भांडण करावंच लागेल. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर डॉक्टरांना दाखवा.