जुन्या फियाटच्या काचेवर पाण्याचा फवारा

प्रश्न : माझ्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली फियाट ११०० आहे. डॅशबोर्डवरील बटण हाताने दाबून काचेवर पाणी उडवणारा तिचा पंप आता निकामी झाला आहे. गाडीचे मूळ रूप न बिघडवता विजेवर चालणारा पंप बसवता येईल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : अवश्य येईल. आपल्या गाडीची विद्युतव्यवस्था १२ व्होल्टची असल्यामुळे आजच्या गाड्यांमधील लहान पंप तिला चालतो. मात्र हे पंप स्वतःहून पाणी वर ओढत नसल्याने तो टाकीच्या तळापेक्षा खाली, पण बॉनेट उघडल्यावर सहज दिसणार नाही अशा जागी बसवावा. जुने बटण काढू नका. त्याच्या मागे दाबल्यापुरताच चालू राहणारा स्विच बसवून, किल्ली फिरवल्यावरच वीज मिळणाऱ्या तारेवरून स्वतंत्र फ्यूजमार्फत जोडणी घ्यावी. नळीत पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह घातल्यास ते टाकीकडे परतत नाही आणि फवारा लगेच सुरू होतो.

तथापि, खर्च करण्यापूर्वी मूळ नोझल तपासावेत, कारण बोअरच्या जड पाण्याचे क्षार साचून ते बुजलेले असल्यास कितीही ताकदवान पंप व्यर्थ ठरतो, उलट जुनी नळीच जोडातून निसटते. ते व्हिनेगरमध्ये भिजवून बारीक तारेने साफ करावेत. नळी काळ्या रबराचीच घ्यावी. पारदर्शक प्लॅस्टिक जाणकारांच्या नजरेत लगेच खुपते. पत्र्याला नवीन भोक मात्र एकही पाडू नये.