झाडं चेनवर आहेत, जमिनीवर किती?

प्रश्न : आमची छोटी संस्था उजाड जमिनीवर झाडं लावते. एक देणगीदार म्हणतोय की सगळ्या नोंदी ब्लॉकचेनवर टाका, मग पुढचा हप्ता देतो. आमच्याकडे एक्सेल शीट आणि ढीगभर फोटो आहेत. ते चेनवर टाकले की काम सिद्ध झालं असं म्हणता येईल का?

नाही म्हणता येणार. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकसारखी ठेवलेली नोंदवही. ती फक्त एवढंच सांगते की ही नोंद अमुक वेळेला अमुक खात्यातून आली आणि नंतर तिला कुणी हात लावला नाही. आत काय लिहिलंय ते खरं की खोटं याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं. पाच हजार रोपं लावली असं लिहिलं आणि जागेवर पाचशेच असतील, तर ते खोटंही ती तेवढ्याच निष्ठेने कायमचं सांभाळणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

बरं, नोंद खरी असली म्हणून सगळं भागतं असंही नाही. तुर्कस्तानात 11 नोव्हेंबर 2019 ला एकाच दिवसात 1 कोटी 10 लाख रोपं लावायची मोहीम झाली, आणि दोन-तीन महिन्यांतच तिथल्या शेती आणि वनकर्मचाऱ्यांच्या युनियनने काही ठिकाणं पाहून सांगितलं की 90 टक्क्यांपर्यंत रोपं मेलीत, लागवडीची वेळ चुकली, पाणी मिळालं नाही. सरकारने ते साफ नाकारलं. आता ही मोहीम पहिल्या दिवसापासून चेनवर असती तर काय फरक पडला असता? "लावली" ही नोंद बिनचूक राहिली असती. वाद होता तो "जगली किती" याचा आणि ते कळायला परत जागेवर जावंच लागतं.

म्हणून देणगीदाराला आधी विचारा की तुम्हाला नेमकं काय बघायचंय, लागवड की जगलेली झाडं, आणि जगलेली असतील तर किती वर्षांनी. याचं उत्तर त्याच्याकडे नसेल तर कुठली चेन वापरायची ही चर्चा करण्यात काही अर्थ नाही.

प्रश्न : मग ब्लॉकचेनचा उपयोग तरी काय? सगळी हवाच म्हणायची का?

हवा बरीच आहे, पण सगळी नाही. माझ्या मते खरा उपयोग काम सुरू होण्याच्या आधी आहे आणि नेमकं तेच लोक विसरतात. नंतर आकडे बदलण्यापेक्षा सोपी लबाडी म्हणजे सुरुवातच बदलायची. आधी तिथे काहीच नव्हतं असं मागाहून ठरवायचं, किंवा झाड जगलं कशाला म्हणायचं याची व्याख्या निकाल बघून हळूच सैल करायची. बेसलाइन (म्हणजे जमिनीची सुरुवातीची स्थिती), मोजायची पद्धत आणि प्लॉटचे नकाशे हे सगळं लागवडीच्या आधीच चेनवर टाकून लॉक केलं की ही पळवाट बंद होते, कारण तारीख मागे नेता येत नाही.

दुसरी एक युक्ती मला फार आवडते. तपासणी नेहमी नमुन्याचीच होते, प्रत्येक झाड कोण मोजणार, आणि कुठले प्लॉट तपासणार हे आधी कळलं की तेवढ्याच प्लॉटला पाणी मिळतं, तिथलीच मेलेली रोपं गुपचूप बदलली जातात. त्यावर उपाय असा की सगळ्या प्लॉटची नंबर लावलेली यादी आधी लॉक करायची आणि जाहीर करायचं की बिटकॉइनच्या चेनवरचा अमुक नंबरचा ब्लॉक (नोंदींचा गठ्ठा), जो अजून तयारच झालेला नाही, त्याच्या हॅशवरून, म्हणजे त्यातल्या माहितीवरून गणिताने निघणाऱ्या ठशावरून, प्लॉट निवडणार. साधारण दहा मिनिटाला एक ब्लॉक येतो म्हणजे हजारभर ब्लॉक पुढचा नंबर धरला तर आठवड्याभराने चिठ्ठी निघणार, आणि ती कुठली निघेल हे ना तुम्हाला माहीत ना तपासणाऱ्याला. मात्र हॅशवरून प्लॉटचा नंबर कसा काढायचा ते सूत्र पण आधीच लिहून ठेवा, नाहीतर नंतर हवं तसं सूत्र निवडता येतं.

प्रश्न : फोटो चेनवर टाकतात म्हणजे नक्की काय करतात? खर्च खूप येतो का?

फोटो सहसा चेनवर जातच नाही. त्याचा हॅश जातो. एसएचए-256 या नेहमीच्या सूत्राने काढला तर 64 अक्षरांचा, आणि फोटोतला एक पिक्सेल बदलला तरी तो पूर्ण वेगळा येतो. हजारो फोटो असतील तर सगळ्या हॅशचा मिळून एकच हॅश काढता येतो, या पद्धतीला मर्कल ट्री म्हणतात, चेनवर तेवढा एक टाकला की झालं, त्यामुळे खर्चाचं फार टेन्शन नको.

घोळ होतो तो इथे : जागेवरचा माणूस झाडाला टॅग लावतो, जमिनीपासून 1.3 मीटरवर टेप धरून बुंधा मोजतो, टेपचा आकडा दिसेल असा फोटो काढतो आणि तो ऑफिसला व्हॉट्सअॅपवर पाठवतो. झालं! व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करतं आणि त्यातली जीपीएसची माहितीही जाते. ऑफिसात त्या फोटोचा हॅश काढला की तो मूळ फोटोशी कधीच जुळणार नाही, पुढे तपासणीत मूळ फाइल मागितली तर ती कुणाच्या तरी जुन्या फोनमध्ये. हॅश फोनवरच काढा किंवा निदान डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि मूळ फाइल दोन ठिकाणी जपा. फाइल हरवली तर नुसत्या हॅशवरून ती परत मिळत नाही. (आणि हो, जीपीएस खोटं दाखवणारी अॅप फुकट मिळतात, तेव्हा जिओटॅग (फोटोतली जागेची नोंद) म्हणजे पुरावा असं समजू नका.)

प्रश्न : सॅटेलाइटने सगळं दिसतं की, माणसं कशाला पाठवायची?

सेंटिनेल-2 हा युरोपचा सॅटेलाइट दर पाच दिवसांनी येतो, फोटो फुकट, पण त्याचा एक पिक्सेल 10 मीटरचा. गुडघाभर रोपं त्यात दिसत नाहीत, उलट पावसानंतर माजलेलं तण हिरवंगार दिसतं. मागचा इतिहास बघायला मात्र बेस्ट. लँडसॅट या अमेरिकन सॅटेलाइट्सचे फोटो 1972 पासूनचे आहेत, जागा खरंच उजाड होती की आधी जंगल तोडून मग लावलं ते त्यातून बऱ्याचदा कळतं.

प्रश्न : कार्बन क्रेडिटचं टोकन केलं की एकच क्रेडिट दोनदा विकलं जात नाही असं वाचलं. खरंय का?

टोकन, म्हणजे क्रेडिटची चेनवरची डिजिटल पावती, दोनदा विकता येत नाही हे खरं. पण टोकनमागचं क्रेडिट, म्हणजे कार्बन कमी केल्याचं विकता येणारं प्रमाणपत्र, कसलं आहे हा वेगळा प्रश्न. ऑक्टोबर 2021 मध्ये टूकन नावाच्या प्लॅटफॉर्मने व्हेरा या रजिस्ट्रीतली (क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या संस्थेतली) क्रेडिट्स पॉलिगॉन चेनवर आणायला सुरुवात केली. रजिस्ट्रीत क्रेडिट रिटायर करायचं आणि चेनवर त्याचं टोकन काढायचं. सगळे व्यवहार अगदी उघडे, कुणीही बघावे. फक्त आत आलेला माल बराचसा जुना होता, ज्याला बाहेर फारसं गिऱ्हाईक नव्हतं. शिवाय रिटायर म्हणजे क्रेडिट वापरून संपलं, मग त्याच्यावर परत टोकन कसं काय? मे 2022 मध्ये व्हेराने रिटायर केलेल्या क्रेडिटवरून टोकन काढायला बंदीच घातली.

प्रश्न : पर्यावरणासाठी काम करायचं आणि वीज खाणारी ब्लॉकचेन वापरायची, हे पटत नाही.

ही तक्रार बिटकॉइनच्या मायनिंगला, म्हणजे नवे ब्लॉक तयार करायच्या कामाला, लागू आहे. इथेरियम या दुसऱ्या मोठ्या चेनने सप्टेंबर 2022 मध्ये ब्लॉक तयार करायची पद्धत बदलली आणि तिचा वीजवापर 99 टक्क्यांहून जास्त कमी झाला. आणि दोन-तीन संस्थाच एकमेकींच्या नोंदी बघणार असतील तर चेन कशाला हवी, रोजच्या नोंदींचा हॅश एकमेकींना ईमेल केला तरी काम भागतं.

प्रश्न : नोंद चुकली तर खोडता येते का?

खोडता येत नाही, दुरुस्तीची नवी नोंद टाकायची, जुनीही दिसत राहते. म्हणूनच जमीनमालकाचं नाव, फोन नंबर, दुर्मिळ झाडाची नेमकी जागा असलं काही चेनवर टाकू नका. आणि प्रायव्हेट की (नोंदीवर सही करायची गुप्त किल्ली) एकाच माणसाच्या हातात ठेवू नका, तो संस्था सोडून गेला की पुढच्या नोंदी तुमच्याच आहेत हे पटवून देताना नाकी नऊ येतील. दोन-तीन जणांच्या सह्या लागतील अशी मल्टिसिग सोय सुरुवातीलाच करून घ्या.