टायर आतून खातोय? आधी हात फिरवून बघ

भावा, नवीन टायर टाकायची घाई करू नको, आधी हवा चेक कर आणि मग टायरवर तळहात आडवा फिरव, आतून बाहेर आणि परत बाहेरून आत. एका बाजूला गुळगुळीत आणि उलट्या बाजूला करवतीसारखं टोचलं तर टो, म्हणजे वरून बघितल्यावर चाक आत-बाहेर किती वळलंय तो कोन, गेलाय समज. टायर सगळ्यात जास्त हाच खातो, कारण चाक सरळ गडगडत नाही, रोज थोडं थोडं तिरकं घासत जातं. टो-इन (चाकं पुढून आत वळलेली) जास्त असेल तर बाहेरची कड जाते, टो-आऊट (पुढून बाहेर वळलेली) असेल तर आतली.

नुसतीच आतली कड गुळगुळीत झालीय, टोचत बिचत काही नाही, तर कॅम्बर, म्हणजे समोरून बघितल्यावर चाक आत-बाहेर किती कललंय तो कोन, बघायला सांग. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना पुढं फक्त टोच ॲडजस्ट होतो, त्यामुळं कॅम्बर आऊट दाखवला तर यवतेश्वर घाटात कुठंतरी खड्ड्यात आपटून स्ट्रट (शॉकॲब्सॉर्बरचा खांब) नाहीतर लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) वाकलाय का ते आधी बघायचं, उगाच अलाइनमेंटचे (चाकांचे हे कोन जुळवायचे) पैसे भरून नुसता मशीनच्या मापांचा प्रिंट घेऊन यायचं नाही. कॅस्टरनं, म्हणजे चाक ज्या आसावर वळतं तो बाजूनं बघितल्यावर पुढं-मागं किती कललाय त्या कोनानं, टायर फारसा झिजत नाही, पण वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं ते त्याच्यामुळं, आणि दोन्ही बाजूंचा कॅस्टर सारखा नसेल तर जिकडं कमी तिकडं गाडी ओढते.

आणि हायवेला ऐंशीच्या पुढं स्टिअरिंग थरथरतंय म्हणून अलाइनमेंटला पळू नको, ते बहुतेक वेळा बॅलन्सिंगचं (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करायचं) काम असतं. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड हे चाकाचे आणि स्टिअरिंगचे सांधे ढिले असतील तर ते बदलल्याशिवाय मशीनवर गाडी चढवूच नको, आणि काम झाल्यावर आधीचा-नंतरचा दोन्ही प्रिंट मागून घे.