जेट बोटीचे इंजिन तापते आणि विक्रेता वॉरंटी नाकारतो

मालवणचे एक वाचक लिहितात की, कर्ज काढून १४ लाखांना घेतलेल्या जेट बोटीचे इंजिन चौथ्याच महिन्यात तापू लागले. मुंबईचा विक्रेता मात्र ‘वाळू ओढली गेली, चूक वापराची’ असे सांगून वॉरंटीतील दुरुस्ती नाकारतो. बोट ते स्वतः चालवून पर्यटकांना फिरवतात.

विक्रेत्याचे म्हणणे अशक्य नाही, पण तेवढ्याने ते सिद्धही होत नाही. जेट पंप ज्या पाण्याने बोट पुढे ढकलतो, त्यातलेच काही पाणी बहुतेक बोटींत इंजिन थंड ठेवते. त्यामुळे उथळ पाण्यात वाळू शिरून वाहिनी तुंबू शकते, तसेच सदोष थर्मोस्टॅटमुळेही (तापमान राखणाऱ्या झडपेमुळेही) इंजिन तापू शकते. खरे कारण तपासणीतूनच कळेल, म्हणून इंजिन बाहेरच्या मेकॅनिककडून मुळीच उघडू नका. इंजिनाच्या संगणकात नोंदलेले बिघाडाचे संकेत आणि तपासणी अहवाल विक्रेत्याकडे लेखी मागा. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने केलेल्या फ्लशिंगच्या नोंदी व सर्व्हिसच्या पावत्याही जपून ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ नुसार वस्तूतील दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल, तर ग्राहक आयोग ती प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. अशा तपासणीसाठीचा अर्ज तक्रारीसोबतच द्यावा.

खरी लढत मात्र दुसरीकडे होईल. व्यावसायिक कारणासाठी वस्तू घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही, हा आक्षेप येणारच. त्यावर कलम २(७) चे स्पष्टीकरण आपल्या बाजूचे आहे: केवळ उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू ‘व्यावसायिक कारणा’त मोडत नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग प्रकरणात (१९९५) सर्वोच्च न्यायालयाने एक-दोन मदतनीस ठेवल्याने हा दर्जा जात नाही, असेही म्हटले आहे. त्यामुळे बोट आपण स्वतः चालवता आणि घर तिच्यावरच चालते, हे तक्रारीत स्पष्ट लिहा व परवाना, कर्जाची कागदपत्रे जोडा. भाड्याने फिरवलेल्या बोटीला वॉरंटी नाही, अशी अट कार्डावर असू शकते, तीही आधी वाचा. विक्रीच्या वेळी आपला हेतू विक्रेत्याला माहीत होता हे दाखवणारे कोटेशन वा संदेश असतील, तर त्या अटीला उत्तर देता येईल.

प्रथम विक्रेत्याला स्पीड पोस्टाने नोटीस द्या. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे आणि आपण राहता तेथील, म्हणजे सिंधुदुर्गच्या जिल्हा आयोगात ती करता येते. या किमतीला शुल्क ४०० रुपये आहे.

तोवर त्या बोटीवर पर्यटक नेऊ नका. बिघाड ठाऊक असताना अपघात झाला, तर त्याची जबाबदारी आपल्यावर येईल.